घरचं कोर्ट, दारचा इजिप्त

“मामा, आपण एकदा भरवूच या,” भाचा म्हणाला.

मला वाटलं, सत्यनारायण. तो बोलत होता पुरुषांच्या व्हॉलीबॉलच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेबद्दल. पुण्यात, बालेवाडीला. स्टेडियम आहे, हॉटेलं आहेत, विमानतळ म्हणता येईल असंही काहीतरी आहे. स्पर्धा आपल्या घरी घेतली की प्रेक्षक आपले, आरडाओरडा आपला, मग एखादं तिकीट पदरात पडणारच, असा त्याचा हिशेब. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटच्या पानावर बसलं तरी जिलबी मिळते, हे त्याला आजोळच्या लग्नांत फार लवकर कळलं होतं.

हसू नका. हाच हिशेब टोकियोत, रिओत आणि शीआनमध्ये कोट घातलेली माणसं करतात. ती पॉवरपॉइंटवर करतात, इतकंच.

२०२३ ची गोष्ट घ्या. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या व्हॉलीबॉलला १२ जागा. एक यजमान फ्रान्सची, न मागता मिळालेली. उरलेल्या ११ पैकी ६ जागांसाठी ३० सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर या काळात याच तीन शहरांत तीन गट मांडले. गटात आठ संघ, प्रत्येकाला सात सामने, पहिले दोघे पॅरिसला, बाकीचे घरी. नऊ दिवसांत सात सामने! आपण नऊ दिवसांत सात लग्नांना जेवलो तरी आडवे होतो. ही माणसं २.४३ मीटर उंचीच्या जाळ्यावर उड्या मारत होती.

मुहूर्त मात्र कुणी पाहिलेला दिसत नव्हता. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले आणि स्पर्धा लागली ती थेट पितृपक्षात. पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळी पितृपक्षात. आपल्याकडे या पंधरवड्यात माणूस साधी दुचाकी बुक करत नाही. जपान, ब्राझील आणि चीन ऑलिंपिकचं तिकीट बुक करायला बसले होते. भारतात कुणाचं लक्षही नव्हतं. हांगचौला आशियाई स्पर्धा चालू होत्या आणि ५ ऑक्टोबरपासून क्रिकेटचा विश्वचषक आपल्याच अंगणात सुरू होणार होता. अशा वेळी व्हॉलीबॉल बघणारा माणूस म्हणजे एक तर केरळचा किंवा माझा भाचा.

तर रविवार, १ ऑक्टोबर. आमच्याकडे श्राद्ध होतं. गच्चीवर पान ठेवलेलं, कावळा शिवत नव्हता. वडील गेले तेव्हा त्यांची नेमकी कोणती इच्छा राहिली होती यावर तीन काकूंचं एकमत होत नव्हतं. भाचा पाण्याच्या टाकीला टेकून फोनवर टोकियो बघत होता. जपान विरुद्ध इजिप्त. “मामा, दोन-शून्य,” तो म्हणाला. “संपलं. जपान फिरवून मारतंय.”

आता जपानचं घर कसं होतं ते ऐका. सामने योयोगीच्या राष्ट्रीय जिम्नॅशियममध्ये. यजमानांचा सामना रोज संध्याकाळी, सगळ्यात शेवटी, टीव्हीवर घरटी माणूस बसलेला असतो त्या वेळेला. पात्रता स्पर्धा हे नाव ऐकायला प्रवेशपरीक्षेसारखं वाटतं, म्हणून फुजी टेलिव्हिजनने ती जपानी प्रेक्षकांना ‘वर्ल्ड कप’ म्हणून विकली. आपल्याकडे गल्लीतल्या स्पर्धेच्या फ्लेक्सवर ‘भव्य राष्ट्रीय’ लिहितात, तशातलीच ही गंमत. फक्त फ्लेक्स महाग. जपानी टीव्हीला व्हॉलीबॉल विकण्याचा अनुभव दांडगा आहे. १९९५ साली विश्वचषकाच्या प्रचारासाठी व्ही-सिक्स नावाचा पोरांचा गायनसमूह बाजारात आणला, १९९९ ला अराशी आणला. चेंडू अजून हवेत उडालेला नसतो आणि आधी गाणं वाजतं. १९७७ पासून तर कित्येक वर्षं हा विश्वचषक जपानबाहेर जातच नव्हता. देव एका घरी बसला की दुसऱ्यांनी आरतीला यायचं.

इतकं सगळं मांडून ठेवल्यावर पहिल्या दिवशी फिनलंडविरुद्ध जपानने दोन सेट घेतले, दोन सेट घालवले आणि पाचव्यात कसाबसा जीव वाचवला. ठीक आहे, पहिला दिवस, अंग मोकळं व्हायचं असतं. दुसऱ्या दिवशी इजिप्त. पुन्हा दोन सेट जिंकले.

आणि मग तिसरा सेट गेला.

दोन-शून्य ही व्हॉलीबॉलमधली सगळ्यात फसवी आघाडी आहे. फुटबॉलमध्ये दोन गोल झाले की ते खात्यावर जमा राहतात. क्रिकेटमध्ये आधी केलेल्या धावा कुणी काढून घेत नाही. इथे सेट संपला की पाटी कोरी. तुम्ही २५-१० ने जिंका नाहीतर २५-२३ ने, पुढच्या सेटला शून्य-शून्य. हरणाऱ्याला रोज नवा दिवस मिळतो आणि जिंकणाऱ्याला रोज नवा वैताग. त्यात जिंकणाऱ्याला वाटतं की एकच तर हवाय. हरणाऱ्याला काहीच वाटत नाही; तो मोकळ्या हाताने मारतो. रेफरीची शिट्टी झाली की सर्व्हिस करायला आठ सेकंद. आठ सेकंद म्हणजे चेंडू तीनदा आपटून घ्यायला पुरेसा वेळ आणि घरी काय म्हणतील याचा विचार करायलाही पुरेसा. घर जर पाचशे फुटांवर असेल तर जरा जास्तच.

चौथाही गेला. पाचवा सेट १५ गुणांचा असतो, ८ गुणांवर बाजू बदलायची, म्हणजे सावरायला जागाच नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण त्या दिवशी परमेश्वर पिरॅमिडकडे तोंड करून बसला होता. इजिप्त ३-२. योयोगी गप्प. आमच्या गच्चीवर त्याच सुमाराला कावळा आला आणि पानातला वडा घेऊन गेला. काकू म्हणाल्या, “बघ, शांत झाले.” भाचा म्हणाला, “कोण?”

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण परक्या अंगणात नाचणाऱ्यांसाठी आहे. इथे अंगण स्वतःचं, सारवलेलं स्वतः, रांगोळी स्वतः काढलेली. दोष द्यायचा कुणाला?

खरं सांगायचं तर जपानला हा धडा नवीन नव्हता. २००८ साली टोकियोतच पात्रता स्पर्धा झाली. अर्जेंटिनाला पाच सेटमध्ये हरवून जपानने १६ वर्षांनी ऑलिंपिक गाठलं, तेव्हा प्रशिक्षक तात्सुया उएता कोर्टवर पालथे पडले. साष्टांग. वारकऱ्यालाही लाजवील असा दंडवत. तिथून मंडळींचा यजमानपणावर विश्वास बसला तो बसलाच. २०१२ ला पुन्हा टोकियो, आशियासाठीची जागा घेऊन गेला ऑस्ट्रेलिया. २०१६ ला पुन्हा टोकियो, आठ संघांत चार तिकिटं, म्हणजे निम्म्या पोरांना पास करायचं ठरलेलं. पोलंड, इराण, फ्रान्स, कॅनडा पास. घरचा मुलगा नापास. भाडं त्याचं, दिवे त्याचे, चहा त्याचा.

घरचं कोर्ट कधी कामी येत नाही असंही नाही. त्याच २०१६ साली, त्याच शहरात, महिलांच्या पात्रता स्पर्धेत थायलंड पाचव्या सेटमध्ये जपानपुढे १२-६ असा होता. मग बदली खेळाडू मागायच्या टॅबलेटवरून गोंधळ झाला, थायलंडच्या प्रशिक्षकांना दोन लाल कार्डं मिळाली, प्रत्येक कार्डामागे जपानला एक गुण, आणि सेट जपानने १५-१३ ने घेतला. थाई लोकांपुढे आजही टॅबलेट हा शब्द जपून वापरावा. पण रोज टॅबलेट बिघडत नाही.

आता जानेवारी २०२० कडे जाऊ, कारण भाच्याचा हिशेब सगळ्यात जास्त तिथे उघडा पडतो. टोकियो ऑलिंपिकसाठी खंडांच्या पात्रता स्पर्धा होत्या. युरोपची बर्लिनला. जर्मनी घरच्या मैदानावर अंतिम सामन्यात पोचला, समोर फ्रान्स. फ्रान्सने सरळ तीन सेटमध्ये तिकीट काढलं आणि पुढे टोकियोला जाऊन सुवर्णपदकही काढलं. आशियाची चीनमध्ये, जिआंगमेनला. चीन घरच्या मैदानावर अंतिम सामन्यात पोचला, समोर इराण. तेही सरळ तीन सेटमध्ये. एकाच आठवड्यात दोन यजमान, दोघेही शेवटच्या दारापर्यंत आले आणि दोघांनीही दार पाहुण्यांना उघडून दिलं. अतिथी देवो भव हे या दोघांनी आपल्यापेक्षा जास्त मनावर घेतलं.

मग जर्मनीने काय केलं? तो २०२३ ला दुसऱ्याच्या घरी गेला. रिओला. गटात यजमान ब्राझील, विश्वविजेता इटली, शिवाय क्युबा, इराण, युक्रेन, चेक प्रजासत्ताक, कतार. त्यात जर्मनी म्हणजे बुफेत उभा राहून जेवणारा लांबचा पाहुणा. या पाहुण्याने सातच्या सात सामने जिंकले. संघाचा मुख्य शूटर ग्योर्गी ग्रोझर, वय ३८. अडतिसाव्या वर्षी आपल्याकडे माणूस पोरांना “खाली वाकून मोजे घालून दे” म्हणायला लागतो. ग्रोझर उडून सर्व्हिस करत होता आणि पलीकडचे तीन जण हात पुढे करून ती कुठे जाते ते बघत होते. २०१२ नंतर जर्मनी पहिल्यांदाच ऑलिंपिकला निघाला.

यजमान ब्राझीलचा जीव शेवटच्या दिवसापर्यंत टांगणीला. जर्मनीने घरात घुसून हरवलेलं, म्हणून शेवटचा इटलीविरुद्धचा सामना म्हणजे जिंकलं तर पॅरिस, नाहीतर क्रमवारीची रांग. तोही पाचव्या सेटपर्यंत गेला. ब्राझील ३-२. सगळं मैदान रडतंय, हसतंय, मिठ्या मारतंय, आणि त्याच दिवशी प्रशिक्षक रेनान दाल झोत्तो यांनी सांगून टाकलं की मी निघालो. तिकीट काढून दिलं आणि स्वतः फलाटावर उतरले. त्यांच्या जागी कोण आलं? बर्नार्दिन्यो, म्हणजे संघाचा सेटर ब्रुनो याचे वडील. घराणेशाही म्हणून नाकं मुरडू नका. या बाप-लेकांनी मिळून २०१६ चं ऑलिंपिक सुवर्ण आणलेलं आहे. आपल्याकडच्या बाप-लेकांनी मिळून काय आणलं, हा विषय निवडणुकीच्या आठवड्यासाठी राखून ठेवतो.

तिसरं घर शीआन. तिथे पोलंड सगळे सामने जिंकून पहिला, कॅनडा दुसरा. यजमान चीन पहिल्या दोघांत नाही. शीआनबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. चीनलाही ते चालेल.

जाता जाता, ‘राष्ट्रीय संघ’ या शब्दाची थोडी चौकशी व्हायला हवी. २०२३ साली जर्मनीचा प्रशिक्षक होता पोलिश. पोलंडचा सर्बियन. जपानचा फ्रेंच. फ्रान्सचा इटालियन. कॅनडाचा फिन्निश. स्लोव्हेनियाचा रुमानियन. पोलंडकडून खेळणारा विल्फ्रेदो लिऑन जन्माने क्युबाचा आणि पूर्वी क्युबाकडूनच खेळलेला. राष्ट्रगीताला सगळे छातीवर हात ठेवून उभे राहतात, पण टाइमआउटला कोण कुठल्या भाषेत ओरडतंय हे देवालाच ठाऊक. आपल्याकडे बाहेरच्या जिल्ह्यातला मुख्याध्यापक आला तरी गावात बैठक होते.

बरं, जपानचं पुढे काय झालं ते राहिलंच. इजिप्तनंतर त्यांनी ट्युनिशिया, तुर्की, सर्बिया, स्लोव्हेनिया असे चार संघ ओळीने ३-० मारले. चारही सामन्यांत दोन-शून्यनंतरचा सेट हातातून जाऊ दिला नाही. इजिप्तने लावलेली ही शिस्त. ७ ऑक्टोबरला स्लोव्हेनियाला हरवून पॅरिस पक्कं झालं. कर्णधार युकी इशिकावा आणि मंडळींनी योयोगी डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेकडून ३-२ ने हरले, पण तोवर दोघांचीही तिकिटं निघालेली होती. २००८, २०१२, २०१६, २०२३. टोकियोतल्या चार पात्रता स्पर्धा, दोनदा पास, दोनदा नापास. इतका निकाल तर नाणं फेकूनही लागतो, आणि नाण्याला गायनसमूह लागत नाही.

आणि हरलेल्यांचं काय? इथे आपल्या पालकांना जागा सापडेल. पहिली फेरी संपली की अकरावीच्या प्रवेशासारखी दुसरी यादी. उरलेल्या पाच जागा जून २०२४ मध्ये जागतिक क्रमवारीवरून. बेस्ट ऑफ फाइव्ह खेळून झाल्यावर गुणवत्ता यादी, हे कुणा महाराष्ट्र बोर्डातून निवृत्त झालेल्या माणसाने सुचवलेलं असणार. शिवाय कोटा आहेच: ज्या खंडाचा एकही संघ आलेला नाही त्याला आधी जागा. आफ्रिकेतून कुणी नव्हतं. म्हणून इजिप्त आत. ज्या जपानला घरात येऊन हरवलं तो पहिल्या फेरीत, आणि हरवणारा कोट्यातून. वर मागच्या दाराने आला म्हणून लोक नाक वर करायला मोकळे. इजिप्तला पॅरिसमध्ये गट मिळाला पोलंड, इटली आणि ब्राझीलचा. तीन सामने, तीन पराभव. प्रवेश मिळणं आणि अभ्यासक्रम झेपणं यात फरक असतो हे कुठल्याही इंजिनिअरिंगच्या मुलाला विचारा.

इटलीही याच दुसऱ्या यादीतून आला. रिओत ब्राझीलकडून मार खाल्लेला, क्रमवारीच्या रांगेत उभा राहिलेला. ५ ऑगस्ट २०२४, पॅरिस, उपांत्यपूर्व फेरी: इटली विरुद्ध जपान. जपानने पहिले दोन सेट जिंकले. तिसऱ्यात २४-२१. तीन मॅच पॉइंट. एक चेंडू खाली पडला की उपांत्य फेरी.

भाच्याने मला फोन केला नाही. त्या दिवशी मीच केला. “दोन-शून्य आहे रे.” तो म्हणाला, “मामा, गप्प बसा. बघवत नाही.” इटलीने तो सेट घेतला, चौथा घेतला, पाचवा १७-१५ ने घेतला. दहा महिन्यांपूर्वीचा इजिप्त निळी जर्सी घालून आला होता. सुवर्ण पुन्हा फ्रान्सला, यजमान म्हणून आलेल्या, पात्रतेची एकही सर्व्हिस न केलेल्या फ्रान्सला. म्हणजे भाच्याचं अगदीच चुकत नव्हतं. यजमान व्हायचं तर सबंध ऑलिंपिकचं व्हा, प्रवेशपरीक्षेचं नको.

राहता राहिली बालेवाडी. भाच्याला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं. बालेवाडीने जग पाहिलेलं आहे. २००९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये २१ वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा पुण्यातच झाली. शहरात स्वाइन फ्लू शिरलेला, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, हिरव्या मास्कचा काळाबाजार चालू होता, आणि त्या गोंधळात भारताची पोरं चौथी आली. जगात चौथी! ब्राझील, क्युबा, रशिया आणि मग आपण. त्याआधी २००३ ला १९ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत आपण थायलंडमध्ये उपविजेते होतो. पोरं कमी पडली नाहीत. ती मोठी झाली तेव्हा वरची मोठी माणसं आपसात इतकी भांडत होती की २०१६ मध्ये जागतिक महासंघाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं. जाळं लावायच्या आधीच दोन्ही खांब एकमेकांशी बोलेनासे झाले.

जिआंगमेनच्या त्या २०२० च्या स्पर्धेत आठ संघांत भारत होता. तिकीट एकच होतं. २०२३ ला जे २४ संघ खेळले ते क्रमवारीवरून निवडलेले. आशियातले जपान, इराण, चीन आणि कतार. आपण त्यात नव्हतो. म्हणजे पुण्यात स्पर्धा भरवली असती तर आपण वाढायलाच उभे राहिलो असतो.

“पण पुढच्या वेळी?” भाचा चिकट आहे.

पुढच्या वेळी ती स्पर्धाच नाही, बाळा. लॉस एंजेलिस २०२८ साठी पात्रता स्पर्धा हा प्रकारच काढून टाकलाय. आता २०२६ च्या खंडीय स्पर्धांचे विजेते, मग २०२७ ची जागतिक स्पर्धा, मग क्रमवारी. आशियातून जो अजिंक्य, तो थेट आत.

“आणि आशियाची कुठे आहे?”

जपानला. फुकुओकाला.